बारा मार्चची सभा

"मी आभार मानले म्हणते! मी तं तेव्हा कळमेश्वरले होती, मामेबहिणीच्या लग्नात."

प्रीती हे कुणाला सांगत नव्हती. समोर उघडलेल्या वहीवर पुटपुटत होती. मी तिच्या मागे हातभर अंतरावर स्टुलावर उभी राहून वरची फळी पुसत होते, म्हणून ऐकू आलं. तिनं पान उलटलं. "आन इथंबी मीच मानले. येवढे आभार तं मी माझ्या बाबाचेबी नाई मानले."

वही विद्यार्थी परिषदेच्या इतिवृत्ताची. सभेत कोण काय म्हणालं ते जिच्यात लिहून ठेवतात ती. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या शाळेत अशा वह्यांना फार मान. फेब्रुवारी संपत आला होता, मार्चच्या मध्यावर शाळा तपासायला समिती येणार होती, आणि समिती आली की आधी वह्या मागते. मुलं नंतर बघते, वेळ उरला तर. म्हणून नववी क मधल्या या मुलीला मराठीच्या तासावरून उठवून ग्रंथालयात बसवलं होतं. परिषदेची सचिव म्हणून वर्षभराच्या सभांवर सह्या करायच्या आणि वर्गात जायचं. पाच मिनिटांचं काम. मागच्या वर्षीच्या सचिवानं चार मिनिटांत उरकलं होतं. ही वाचत बसली.

मी इथं एकोणीस वर्षं आहे. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागले, आणि मला ग्रंथालयात टाकलं ते वाचनाच्या आवडीमुळे नव्हे, उंचीमुळे. वरच्या फळीला हात पोचणारी दुसरी बाई शाळेत नव्हती. मुलं उत्तरामावशी म्हणतात. शाळेत मोठं टेबल एकच, ते ग्रंथालयात, म्हणून विद्यार्थी परिषद माझ्यासमोर भरते. भरते म्हणजे, भरली असं लिहिलेलं असतं.

लिहिणार कृष्णकांत सर. ते इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतात, आणि अक्षर असं की फळा पुसणाऱ्या पोराचा हात क्षणभर थांबतो. वर्षाच्या दहा सभा ते दिवाळीच्या सुट्टीत एकदाच लिहून टाकत. झालेल्याही आणि व्हायच्याही. कॅलेंडर समोर ठेवून, रविवार टाळून. प्रत्येक सभेत विषय तीन: वृक्षारोपण, स्वच्छता, शिस्त. अध्यक्ष दोन सूचना मांडत, उपाध्यक्ष अनुमोदन देत आणि सचिव आभार मानत. मुलं आपापल्या तुकडीतून एकेक प्रतिनिधी निवडतात, ते अगदी खरं असतं, चिठ्ठ्या वगैरे टाकून. पण अध्यक्ष अ तुकडीचा, उपाध्यक्ष ब चा आणि सचिव क चा. हे कुठं लिहिलेलं नाही. बदललेलंही मला आठवत नाही. सचिवाचं काम खरं तर इतिवृत्त लिहिण्याचं, पण ते सर लिहीत असल्यामुळे सचिवाला सही उरते.

यात कुणाचं वाईट करावं असं सरांच्या मनात नव्हतं. सभा घ्यायच्या तर तास बुडतात, तास बुडले तर पालक बोलतात. परीक्षेत लोकशाहीवर पाच गुणांचा प्रश्न येतो, आणि तो मात्र ते फार छान शिकवत.

छोट्या सुट्टीत सर आले. "झालं का गं?"

"सर, डिसेंबरच्या सभेले मी नव्हती."

"मग काय झालं? आभारच मानलेत ना तू. शिवी तर नाही दिली कुणाला."

"ते जाऊ द्या सर. हे पा." तिनं शेवटचं पान काढून बोट ठेवलं. "बारा मार्च. आज सत्तावीस फेब्रुवारी आहे."

इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असेल तर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी फडकं झटकायचं थांबवलं.

"समिती सोळाला येणार," सर म्हणाले. "तोवर बारा तारीख होऊन जाईल. नाही का?"

"पन याच्यात लिहून आहे का, 'नववी क च्या वर्गात पंखे लावल्याबद्दल सचिवांनी समाधान व्यक्त केले.' मले कुठं समाधान झालं?"

"पंखे लागले ना?"

"लागले."

"मग?"

त्या पंख्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीवर आणखी एक मजला चढायचा होता. त्याच्या खांबांचे गज अजून गच्चीवर आभाळाकडे तोंड करून उभे आहेत. तो चढेपर्यंत तात्पुरती म्हणून तिथं पत्र्याची एक खोली बांधली, त्याला अकरा वर्षं झाली. कागदावर ती खोली क्रमांक एकोणीस. मुलं तिला तवा म्हणतात. तव्यावर दरवर्षी नववी क बसते. होळीपासूनच बाकांचं लोखंड तापतं, मुली बसण्याआधी ओढणी अंथरतात. पाण्याच्या बाटल्या दहा वाजेपर्यंत कोमट होतात. मागच्या एप्रिलमध्ये बीजगणिताच्या पेपरला एक मुलगी बाकावरून खाली आली, तिला माझ्याच टेबलावर आणून निजवलं होतं. प्रीतीचा स्वतःचा मागच्या आठवड्यात दोनदा घोळणा फुटला. दुसऱ्यांदा ती नाक धरून खाली आली, माझ्याकडून कापूस घेतला, आणि रक्त थांबेपर्यंत मान वर करून छताकडे बघत म्हणाली, "मावशी, तुमच्या इथं किती थंडं आहे वं." माझ्या इथं कूलरही लागला नव्हता अजून. नुसतं सिमेंटचं छत होतं.

तिथं पंखे लावायचं दिवाळीआधीच ठरलं होतं, आणि जानेवारीत दोन लागले. वरची गरम हवा खाली आणायचं काम ते मन लावून करत.

"मग अजून सभा झाली नाई तं घेऊ ना सर," प्रीती म्हणाली. "खरीखुरी. बारा तारखेले. मले एक विषय मांडाचा आहे."

सर नागरिकशास्त्राचे. नाही म्हणायला कारण सापडेपर्यंत त्यांच्या तोंडून 'घेऊ' निघून गेलं होतं.

प्रीतीनं नऊ सह्या केल्या. दहाव्या पानाखालची रेघ मोकळी ठेवून वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

विषय काय ते दोन दिवसांत सगळ्या नववीला कळलं. पंखे नकोत, कूलर नको, पत्र्याला चुना नको. फक्त पाळ्या लावा. एक आठवडा वर अ बसेल, एक आठवडा ब, एक आठवडा क. परीक्षेला सात आठवडे होते. तिनं कागदावर आखूनही आणलं होतं, पट्टी लावून. क च्या वाट्याला तीन आठवडे ठेवले होते, बाकीच्यांना दोन-दोन. "आमाले सवय आहे," म्हणाली.

अध्यक्ष होता गौरांग. डॉक्टरांचा मुलगा, उंच, गोड बोलणारा, चष्म्याला सारखा हात लावणारा. तो तिचा कागद बघून खूश झाला. "अबे, मस्त आहे की! दोन आठवडे तर दोन आठवडे. गच्चीवरून पूर्ण नंदनवन दिसते म्हणे. पिकनिक समजू."

"पिकनिकले दप्तर नसते," प्रीती म्हणाली. पण हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते. ग्रंथालयात हसायला तसं कारण नसतं.

मग मुख्याध्यापिका आल्या. अरुंधती मॅडम. समितीसाठी पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं होतं, ते बघायला आल्या, आणि प्रीतीला तिथंच बोलावून घेतलं. मॅडम ओरडत नाहीत. त्यांच्या आवाजात कायम थोडी काळजी असते, आणि माणूस त्या काळजीपोटीच गप्प होतो.

"प्रीती, सहामाहीत किती होते गं?"

"एक्याऐंशी टक्के, मॅडम."

"बघ. अ मध्ये निम्म्या मुलांना नाहीत एवढे. मी विचार करत होते, दहावीत तुला अ मध्ये घेऊ. सकाळचा जादा वर्ग मिळेल, गणिताला वेगळे सर आहेत. खाली बसशील. तुझा त्रासही संपेल."

"हो मॅडम."

"आणि त्या वहीवर सही राहिलीय म्हणे एक. तेवढी करून टाक. समितीपुढे अर्धवट वही बरी दिसत नाही."

प्रीती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. बुटातून तो दिसत नव्हता, तरी बघत होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, आठवीत मले त्र्याऐंशी होते. तेव्हा काहून नाई घेतलं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाला कव्हर घालत होते, चिकटपट्टी दातांनी तोडत होते.

"जागा नव्हती," मॅडम म्हणाल्या.

तुकड्या आमच्याकडे पाचवीत पडतात आणि मग हलत नाहीत. शाळेच्या स्वतःच्या बालवाडीतून वर आलेली मुलं अ आणि ब मध्ये. महापालिकेच्या शाळेतून चौथी करून आलेली क मध्ये. म्हणायला त्याला गुणवत्तेनुसार म्हणतात, मे महिन्यात एक चाचणी होते. तिची तारीख बालवाडीवाल्यांच्या घरी आधीच कळते. महापालिकेची मुलं अजून दाखला काढायला रांगेत असतात. त्यांतली बहुतेक नाल्यापलीकडच्या वस्तीतली. चौदा एप्रिलला ती सगळी पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि शाळेत दुसऱ्या दिवशी नववी क अर्धी रिकामी असते. कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं. आम्ही शाळेत 'वस्तीतली मुलं' म्हणतो, 'पहिल्या पिढीतली' म्हणतो. मॅडम भाषणात 'वंचित घटक' म्हणतात. शब्द पुष्कळ आहेत.

शनिवारी प्रीतीची आई आली. कांताबाई. शाळेनं बोलावलं होतं आणि मॅडम मीटिंगमध्ये होत्या, म्हणून तिला ग्रंथालयात बसवलं. कळमना मार्केटात संत्र्याच्या पेट्या भरण्याचं काम करते, बोटांना सालीचा वास होता. खुर्चीच्या कडेवर बसली, जशी कुणी उठवलं तर पटकन उठता यावं.

"बाई, तुमी सांगा ना हिले," ती म्हणाली. "सही करून टाक म्हना. मोठ्या मॅडम स्वतः म्हनते का अ मदे घेतो. यवढं कोन कोनाले देते?"

"तिनं तुम्हाला काय सांगितलं?"

"मले म्हनते, आई, मी खाली जाईन अन माया वर जाईन." माया धाकटी, सातवी क मध्ये. "दोन वर्सानं तिचा नंबर. म्या म्हनलं, मायाचं मायाच्या वेळी पाहू. एक तं सावलीत बसू दे." तिनं पदरानं मान पुसली. "माह्या सासऱ्याची लई इच्छा. ते म्हनत, नातीनं याच शाळेत जावं. बाहेरून जाता-येता पाहत राहायचे. त्यायले का मालूम, आत गेल्यावर कुठी बसवतात ते."

मी तिला पाणी दिलं.

"तुमाले वाटत असन, या बाईले काई समजत नाई," कांताबाई ग्लास खाली ठेवत म्हणाली. "मले सगळं समजते वं बाई. समजून काय करू? भांडाले येऊ? एक दिवसाची मजुरी पाडून आली तं अर्धा दिवस बसूनच राहिली."

मी ग्लास उचलून विसळला. बोलण्यासारखं होतं ते तिलाच ठाऊक होतं. मॅडमचा शिपाई येऊन म्हणाला, आज जमणार नाही, सोमवारी या. ती उठली, खुर्ची होती तशी सरकवून ठेवली आणि गेली.

बारा मार्चला गुरुवार होता. सकाळपासून ऊन असं की मैदानावर बघायचं तर डोळे बारीक करावे लागत. मी टेबल पुसलं, तीन खुर्च्या एका बाजूला, दोन समोर लावल्या. कूलर त्याच दिवशी लागला होता आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास सगळीकडे भरला होता. दहा वाजता गौरांग आला, मग ब ची मयुरा, उपाध्यक्ष, दोन वेण्यांची, कायम घाईत असलेली. कृष्णकांत सर वही घेऊन बसले. सगळ्यात शेवटी प्रीती, आणि तिच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, अरुंधती मॅडम. "चालू द्या, चालू द्या," म्हणत त्या दारापाशीच्या खुर्चीवर बसल्या. मी उठून कपाटामागे गेले. तिथून सगळं दिसतं.

वृक्षारोपण, स्वच्छता आणि शिस्त हे तीन विषय चार मिनिटांत आटोपले. ते आधीच लिहिलेले होते. पंख्यांच्या ओळीवर सरांनी बारीक रेघ मारली आणि नवं पान उघडलं.

"विषय चार," सर म्हणाले. "सचिव."

प्रीती उभी राहिली. बसून बोलायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कागद पुढे सरकवून तिनं पाळ्यांचं सांगितलं. दीड मिनिट. घोळण्याचं सांगितलं नाही, बीजगणिताच्या पेपराचंही नाही. फक्त आठवडे सांगितले.

सर म्हणाले, "अध्यक्ष, तुमचं मत?"

गौरांगनं खिशातून घडी केलेला कागद काढला. परवापर्यंत त्याच्याकडे कागद नव्हता. "अ तुकडीच्या वर्गात डिजिटल बोर्ड बसवलेला असल्यामुळे," त्यानं वाचलं, "स्थलांतर करण्यात तांत्रिक अडचण आहे." अक्षर मोठ्या माणसाचं असावं, कारण 'स्थलांतर'वर तो अडखळला.

"बोर्ड खालीच राहू दे ना," प्रीती म्हणाली. "आठवडाभर बिनाबोर्डचं शिका. आमी वर्षभर शिकून राहिलो."

"तसं नाही यार," गौरांग हळू आवाजात म्हणाला. कागद घडी करून तो खिशात ठेवायला लागला आणि खिसाच सापडेना.

"तूच म्हणला ना पिकनिक समजू?"

"मी म्हटलं होतं. घरी... बाबा म्हणाले..." आणि तो थांबला.

मयुरा मध्येच म्हणाली, "आणि ब ला पण टाकणार का वर? आम्ही तर काहीच केलं नाही!"

प्रीतीनं तिच्याकडे वळून पाहिलं. रागानं नव्हे, खरंच विचारल्यासारखं. "आमी काय केलं?"

कूलरचं पाणी टपटपत होतं. मयुरानं वेणीचं टोक तोंडात धरलं.

मॅडम पुढे सरकल्या. "हे बघा मुलांनो, भावना मी समजू शकते. पण शिक्षकांचाही विचार करायला हवा. कुलकर्णी बाईंचे गुडघे दुखतात. अ चा गणिताचा तास वर कोण घेणार?"

"त्या आमचाबी घेतात मॅडम. मंगळवारी अन शुक्रवारी."

"वेळापत्रक बसवावं लागतं."

"म्या बसवून पायलं." तिनं कागदाची मागची बाजू दाखवली. तिथं वेळापत्रक होतं. तेही पट्टी लावून आखलेलं. कृष्णकांत सरांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मला वाटतं, चूक शोधत होते. सापडली नाही.

"पालकांची संमती लागेल," मॅडम म्हणाल्या.

"आमच्या पालकायची घेतली होती?"

कुणाचा आवाज चढला नव्हता. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती छान सभा चालली आहे. समितीला आवडली असती.

"प्रीती," सर म्हणाले, "आपण असं करू. तुझी सूचना नोंदवून घेऊ. 'सूचनेची नोंद घेण्यात आली' असं लिहू. पुढच्या वर्षी नवी परिषद..."

"सूचना नका लिहू सर. प्रश्न लिहा."

"कसला प्रश्न?"

"नववी क च वर काहून बसते? येवढा एकच लिहा. अन खाली त्याचं उत्तर लिहा. मग मी सही करतो." नागपुरात मुली कधीकधी असं 'करतो' म्हणतात. मॅडम एरवी लगेच सुधारतात. त्या दिवशी सुधारलं नाही.

"आणि अ तुकडीचं?" मॅडम म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात. "आपण बोललो होतो ते?"

प्रीतीनं मॅडमकडे पाहिलं. चौदा वर्षांची मुलगी, तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. सकाळचा वर्ग, गणिताचे वेगळे सर, सिमेंटचं छत. आईनं शनिवारी पाडलेली मजुरी. तिला ते हवं होतं. फार हवं होतं.

"ते राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "पाळ्याबी राहू द्या. उत्तर सांगा फक्त."

सरांनी लिहायला घेतलं. त्यांचं ते सुंदर अक्षर, मला उलट्या बाजूनंही वाचता येतं. 'प्रश्न: नववी क हीच तुकडी वर का बसते?' खाली ओळ सोडून 'उत्तर' आणि दोन टिंबं. पेन तिथंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"लिहा, प्रशासकीय कारणास्तव," मॅडम म्हणाल्या.

सरांनी 'प्रशा' लिहिलं.

"ते कोनतं असते सर?" प्रीतीनं विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं असा आवाज होता. कदाचित नव्हतंही. कदाचित तिला पाचवीपासून माहीत होतं आणि फक्त कुणीतरी मोठ्या माणसानं म्हणायला हवं होतं. तिच्या आईला माहीत होतं. गौरांगच्या बाबांना माहीत होतं, म्हणून त्यांनी कागद दिला. मयुरालाही अंदाज असावा, नाहीतर शिक्षा झाल्यासारखी ती दचकली नसती. मला माहीत होतं. मी कपाटामागे एका जुन्या पुस्तकाची सुटलेली पानं हातात धरून उभी होते. ती जुळवायची सोडून मी पुढच्या पानाऐवजी मागचंच पान पुन्हा पुन्हा वर घेत होते.

"सर, घंटा होईल आता," गौरांग म्हणाला.

"होऊ दे," सर म्हणाले.

त्यांनी 'प्रशा' खोडलं. त्या दिवसाआधी त्या वहीत मी कधी खाडाखोड पाहिली नव्हती. पेनाला टोपण लावलं, चष्मा काढून वहीवर ठेवला. चष्म्याशिवाय ते बरेच म्हातारे दिसतात. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती.

"कृष्णकांतराव," मॅडम म्हणाल्या. मॅडम त्यांना एरवी सर म्हणतात.

"नाही मॅडम, मुलीनं विचारलंय," ते म्हणाले, आणि मग प्रीतीकडे वळले. फळ्यापुढे उभं राहून बोलतात त्याच सावकाश, स्पष्ट आवाजात बोलले.

"जातीमुळे, प्रीती. अ तुकडीतली आमची पोरं तिथं बसली असती, तर पहिल्याच उन्हाळ्यात ती खोली पाडली असती. तुमची बसली, म्हणून अकरा वर्षं टिकली. आणि मला हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे."